माळरानावरचं गवत आणि वाहून जाणारी माती : मला दोनदा शिकवावा लागलेला एक पाठ



मातीची धूप हा घटक आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर मधोमध गोल काढायचा, त्यात ‘मातीची धूप’ लिहायचं आणि बाजूला बाण काढून कारणं लिहायची : वृक्षतोड, अतिवृष्टी, वारा, अतिचराई. मुलं वहीत उतरवून घेतात, चाचणीत तेच लिहितात, गुण मिळतात. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं.

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात हाच गोल काढत होते. आमची शाळा पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात आहे. पाऊस कमी, शेजारी गायरान, पलीकडे मुरमाड टेकड्या. वर्गातली चार-पाच मुलं मेंढपाळांच्या घरची. मी ‘अतिचराई’ लिहिलं आणि समजावून सांगताना सहज म्हणाले, “शेळ्या-मेंढ्या गवत मुळापासून खातात, मग जमीन उघडी पडते आणि माती वाहून जाते.” एका मुलाने (नाव लिहीत नाही) पेन्सिल खाली ठेवली. एरवी परिसर अभ्यासाच्या तासाला सगळ्यात आधी हात वर करणारं हे पोरगं. त्या दिवशी बोललं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जवळ आला आणि विचारलं, “मॅडम, मग आमची मेंढरं नसती तर माळ हिरवा झाला असता का?”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे पुस्तकातलं उत्तर येत होतं, पण त्याच्या तोंडावर ते म्हणवेना. शिवाय ते खरं आहे की नाही, याचीही मला खात्री नव्हती. मग पुढचे काही आठवडे मी हा घटक स्वतःच नव्याने अभ्यासला आणि वर्गाला पुन्हा शिकवला. त्यातून हाती लागलेलं इथे देते आहे. कुणाला वर्गात वापरता आलं तर बघा.

थेंबापासून सुरुवात

धूप म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे ओढ्याचं गढूळ पाणी येतं. पण धुपेची सुरुवात ओढ्यात होत नाही. ती होते पावसाच्या एकेका थेंबाने. वळवाचा टपोरा थेंब जमिनीवर पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटरपर्यंत असतो, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. मुलांना सांगायचं की गावातून मोटारसायकल जाते तेवढ्या वेगाने प्रत्येक थेंब मातीवर आदळतो. उघड्या मातीवर तो आदळला की मातीचं ढेकूळ फुटतं आणि बारीक कण उडतात. शाळेची भिंत खालून दीड-दोन फूट मातकट झालेली असते ना, ते याच उडालेल्या कणांचं काम. पहिल्या पावसानंतर मुलांना बाहेर नेऊन भिंत दाखवा. वेगळं साहित्य काहीच लागत नाही.

फुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पातळ पापुद्रा धरतो. त्यातून पाणी मुरत नाही, मग ते वाहायला लागतं आणि सुटलेले कण सोबत नेतं. आधी पातळ चादरीसारखं, मग बोटभर घळी, मग त्यांच्या मोठ्या घळी. घळ दिसते म्हणून आपण तिला घाबरतो, पण चादरीसारखी सगळीकडून जाणारी माती दिसतच नाही आणि खरं नुकसान तिथे होत असतं.

आता यात गवत काय करतं? पहिलं म्हणजे पात्यांवर थेंबाचा मार बसतो आणि पाणी देठावरून हळू खाली उतरतं. दुसरं, वाहणाऱ्या पाण्याला बुडख्यांचे अडथळे लागतात, वेग कमी होतो, कण तिथेच बसतात. तिसरं जमिनीखाली. गवताला झाडासारखं सोटमूळ नसतं, बारीक तंतुमुळांचं जाळं असतं. दरवर्षी त्यातली काही मुळं मरतात, कुजतात, त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात आणि पाणी त्या वाटांनी आत जातं. कुजलेली मुळं मातीचे कण चिकटवूनही धरतात. म्हणून गवताळ जमिनीतलं ढेकूळ हातात घेतलं तर ते रवाळ फुटतं. पड उघड्या जमिनीचं ढेकूळ एक तर दगडासारखं असतं, नाहीतर पिठासारखं.

थोडं विषयांतर : झाडं लावा हे आपण मुलांना इतकं सांगतो की झाड म्हणजे चांगलं आणि गवत म्हणजे तण असं त्यांच्या डोक्यात बसतं. पण उंच झाडाखाली जमीन झाडून स्वच्छ ठेवली असेल तर पानांवरून निथळणारे मोठे थेंब खालची माती उडवतातच. मातीला छत्री लागते ती जमिनीलगत. आमच्याकडच्या कमी पावसाच्या माळांवर हे काम मुळातच गवताचं आहे.

शंभर वर्षांपूर्वीचे वाफे

गवताने किती फरक पडतो, हे मोजायचा एक जुना आणि सोपा प्रयोग अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात झाला. १९१७ साली तिथे एका शेतावर लांबट वाफे आखले. प्रत्येक वाफा सुमारे ९० फूट लांब आणि ६ फूट रुंद, उतार फार नाही, शंभर फुटांत पावणेचार फूट. खालच्या टोकाला हौद. पाऊस पडला की कोणत्या वाफ्यातून किती पाणी आणि किती माती हौदात आली ते मोजायचं. एक वाफा नांगरून उघडा ठेवला, एकात दरवर्षी मका, एकात गहू, एकात फेरपालट आणि एकात कायम गवत.

१४ वर्षांची सरासरी अशी आली : उघड्या नांगरटीतून दर एकरी ४१ टन माती वर्षाला गेली. मक्यातून सुमारे २० टन, गव्हातून १० टन. मका, गहू आणि क्लोव्हर अशी फेरपालट केलेल्या वाफ्यातून पावणेतीन टन. आणि गवतातून? एक तृतीयांश टन. तोच पाऊस, तीच माती, तोच उतार. त्या हिशेबाने वरची ७ इंच माती मक्याखाली ५० वर्षांत संपली असती आणि गवताखाली ती जायला ३,००० वर्षं लागली असती.

हे आकडे मी फळ्यावर स्तंभालेखाने दाखवले. गवताचा स्तंभ काढताना खडूची जाडीच जास्त झाली, तेव्हा मुलं हसली. गणिताच्या तासाला हाच आलेख पुन्हा वापरता येतो.

पण एक लक्षात घ्या. त्या सहा फुटी वाफ्यात कुणी जनावरं चरायला सोडली नव्हती. आमचा माळ म्हणजे काही तो वाफा नव्हे. गवत आहे की नाही, हा प्रश्न अर्धाच झाला. गवत किती उरतं आणि कधी उरतं, हा पुढचा प्रश्न. त्या मुलाचा प्रश्नही तोच होता.

मातीसोबत जातं काय?

धूप म्हणजे माती जाणं, इथे आपला पाठ संपतो. पण शेतकरी पालकांना पटेल असं गणित याच्या पुढे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावरची फक्त १ मिलिमीटर माती गेली तर १० घनमीटर गेली, म्हणजे साडेतीन ब्रास. वजन साधारण १३ टन. आमच्याकडच्या हलक्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तर एकूण नत्र ०.०५ टक्क्याच्या आसपास येतं. १३ टनांत ते साडेसहा किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे हे १४ किलो युरियाइतकं झालं. ३ मिलिमीटर माती गेली की ४५ किलोची जवळजवळ एक गोणी गेली. (मातीतलं नत्र पिकाला सावकाश मिळतं आणि युरियातलं लगेच, त्यामुळे दोन्ही अगदी एक नाहीत. पण अंदाज येतो.) पालकसभेत मी हे सांगितलं तेव्हा मोबाईल बघणारे दोन बाबासुद्धा वर बघायला लागले.

प्रत्यक्षात तोटा याहून जास्त असतो. वाहतं पाणी आधी सगळ्यात हलकं आणि बारीक उचलतं : चिकणमातीचे कण, कुजलेला पालापाचोळा, शेणाचा भुगा. स्फुरद चिकणमातीच्या कणांना चिकटून असतं आणि नत्र बहुतेक सेंद्रिय पदार्थांत. जड वाळू आणि खडे मागे राहतात. म्हणून वाहून गेलेली माती मागे राहिलेल्या मातीपेक्षा जास्त कसदार असते. चहा गाळला की गाळणीत चोथा राहतो, तसा माळावर मुरूम राहतो.

देशाचं चित्र हवं असेल तर ध्रुव नारायण आणि राम बाबू या मृदाशास्त्रज्ञांनी १९८३ साली केलेला हिशेब अजूनही सगळीकडे वापरतात. भारतात वर्षाला सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, सरासरी हेक्टरी १६ टनांवर, म्हणजे वरच्या गणिताने सव्वा मिलिमीटर. त्यातली २९ टक्के कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांच्या पोटात बसते. या मातीबरोबर जाणारी अन्नद्रव्यं त्यांच्या अंदाजाने ५३ ते ८४ लाख टन. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला मात्र शेकडो वर्षं लागतात.

आजोबांचा तास

त्या मुलाच्या आजोबांना मी शाळेत बोलावलं. आधी ते यायला तयार नव्हते. “आमी काय सांगणार बाई, आमी शिकल्यालो न्हाई.” मग एक दिवस आले, व्हरांड्यात बसले आणि पाऊण तास बोलले. मी मधूनमधून वहीत लिहून घेत होते.

सुरुवात त्यांनी माझी चूक दुरुस्त करून केली. शेळी आणि मेंढी सारखं खात नाहीत. शेळी मान वर करून खाते : बाभळीचा, बोरीचा पाला, झुडपाचे शेंडे. मेंढी खाली मान घालून जमिनीलगत कुरतडते. गाय-बैल जिभेने गवत वेढून तोडतात, त्यांना आखूड गवत नीट खाताच येत नाही. मी एका वाक्यात ‘शेळ्या-मेंढ्या’ म्हणून मोकळी झाले होते! वर्गातल्या निम्म्या मुलांना हे आधीच माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी त्यांच्या लहानपणीचं वर्ष सांगितलं. पावसाळ्यात कळप इकडे कोरड्या मुलखात, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात नाहीतर नदीकाठच्या शेतांतून, आणि पाऊस जवळ आला की परत. म्हणजे माळावर बाराही महिने तीच मेंढरं नसायची. “पयल्या पावसाला माळावं मेंढरं घालायची न्हाईत. कोंब वर आलेला आसतो, मूळ धरल्यालं नसतं. मेंढरानं वढला की उपटून येतो.” महिनाभर थांबायचं. एका तुकड्यावर दोन-तीन दिवस, मग पुढे.

हे ऐकताना मला नुकतंच वाचलेलं आठवलं. अमेरिकेत क्रायडर नावाच्या शास्त्रज्ञाने गवताच्या कुंड्यांवर प्रयोग करून १९५५ साली निष्कर्ष छापले. गवताचा वरचा भाग ४० टक्क्यांपर्यंत कापला तर मुळांची वाढ थांबत नाही. अर्ध्याहून जास्त कापत गेलं तशी ती झपाट्याने थांबते. ८० ते ९० टक्के कापलं तर सगळी मुळं दोन आठवड्यांच्या आसपास वाढायचीच थांबतात. मूळ थांबलं की पाणी मिळत नाही, पाणी नाही म्हणून पान नाही. आणि पान नाही तोवर तिथे परत जनावर आलं की त्या बुडख्याचं संपलं. अर्धं घ्यावं आणि अर्धं ठेवावं, हा कुरणांचा जुना नियम यातूनच समजतो. आजोबा ‘महिनाभर थांबायचं’ म्हणत होते, त्यामागेही हेच आहे.

मग आता का बिघडलं? आजोबा म्हणाले, जायला जागाच राहिली नाही. पूर्वीच्या वाटांवर ऊस झाला, कुंपणं झाली, प्लॉट पडले. गायरानाचा एक कोपरा मुरमासाठी खणला, दुसरीकडे अतिक्रमण. कळप तेवढाच, माळ निम्मा, आणि तोही बाराही महिने. गावातली बाकीची जनावरंही तिथेच सुटतात. त्यांचं नाव कुणी घेत नाही, असंही ते हसत हसत म्हणाले.

अतिचराईत ‘अति’ कशाचं, हे मला तेव्हा कळलं. जनावरांची संख्या हा त्याचा एक भाग. त्याच बुडख्यावर किती दिवसांनी परत तोंड लागतं, हा मोठा भाग. खुरांचाही परिणाम असतो. ओल्या जमिनीवर खूर सारखे पडले की माती दाबली जाते, छिद्रं बंद होतात आणि पाणी मुरायचं थांबतं. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या पायवाटा बघा. गायरानातली पहिली घळ बहुतेक तिथूनच सुरू होते.

बिघडलेला माळ वाचायचा कसा, तेही आजोबांनी दाखवलं. चांगल्या माळावर पवना आणि मारवेल ही जनावरांच्या आवडीची गवतं असतात. ती सारखी खाल्ली गेली की कमी होतात आणि कुसळी वाढते. तिची कुसळं लोकरीत आणि कातडीत रुततात, म्हणून पिकल्यावर जनावर तिला टाळतं. त्याहूनही बिघडलं की नुसती बारीक, तारेसारखी, वर्षभराची गवतं आणि तरवड राहतो. दक्षिण भारताच्या या गवताळ पट्ट्याला वनस्पतिशास्त्रज्ञ पवना-मारवेलच्याच शास्त्रीय नावांवरून ओळखतात आणि त्याची घसरण साधारण याच क्रमाने सांगतात. बहुवर्षायू गवताचा बुडखा उन्हाळ्यातही मातीला धरून असतो. वर्षायू गवत डिसेंबरला वाळून उडून जातं, मग जूनच्या पहिल्या पावसाला, तो सगळ्यात जोराचा असतो तेव्हा, जमीन उघडी. माळ लांबून ‘हिरवा’ दिसणं पुरेसं नाही ते याचसाठी.

पाच बाटल्या

आता प्रयोग. बाटल्यांचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल : दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापायची, माती भरायची, तोंड थोडं खाली करून त्याखाली पेला ठेवायचा आणि झारीने पाणी घालायचं. नेहमी तीन बाटल्या करतात : उघडी माती, पाचोळा घातलेली, गवत असलेली. मी चौथी केली. तिच्यातलं गवत कात्रीने बुडापर्यंत कापलं आणि माती ओली करून मुठीने ठोकून दाबली, खुरांसारखी. पाचवी त्या मुलाने सुचवली : “मॅडम, एकीत निम्मंच कापू.”

पहिल्या दिवशी प्रयोग फसला. गवताच्या बाटलीतूनच सगळ्यात जास्त गढूळ पाणी आलं! मुलं खूश, मी गप्प. नंतर बघितलं तर हराळीचा गड्डा बाटलीत नीट बसला नव्हता आणि पाणी कडेच्या फटीतून सुसाट जात होतं. तुम्ही कराल तेव्हा गड्डा बसवल्यावर कडेला चिकणमाती बोटाने दाबून भरा आणि आठवडाभर पाणी देऊन तो मुरू द्या. पाणीही प्रत्येक बाटलीत सारखंच आणि सारख्याच उंचीवरून घाला. एका मुलाला झारी आणि एकाला पट्टी द्यायची.

दुसऱ्यांदा नीट झाला. उघड्या मातीचं पाणी दुधाच्या चहासारखं, ठोकलेल्या बाटलीचंही जवळपास तसंच. पाचोळ्याचं बरंच स्वच्छ. पूर्ण गवताच्या बाटलीतून पाणी उशिरा आलं, कमी आलं आणि थोडंसं पिवळट. अर्धं कापलेल्या बाटलीत आणि पूर्ण गवताच्या बाटलीत मुलांना फरकच सांगता येईना. वर्गात जरा वेळ शांतता होती. मग तो मुलगा म्हणाला, “म्हंजे निम्मं खाल्लं तर चालतंय.” मी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं, त्याच्याच शब्दांत.

अन्नद्रव्यं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पुढच्या फेरीत प्रत्येक बाटलीवर मूठभर शेळीच्या लेंड्या पसरल्या. उघड्या आणि ठोकलेल्या बाटलीतल्या लेंड्या पाण्याबरोबर घरंगळत पेल्यात आल्या. गवतातल्या जागच्या जागी अडकून राहिल्या. “खत गेलं, खत गेलं” असा गलका झाला. पण नीट बघितलं तर गवताच्या बाटलीतलं पाणीही तपकिरी झालं होतं. माती न जाताही लेंडीतलं विरघळणारं सत्त्व पाण्यासोबत थोडं जातंच. गवत माती जवळजवळ पूर्ण अडवतं, विरघळलेलं नत्र तेवढं अडवत नाही. ते अडायचं तर पाणी मुरलं पाहिजे आणि मुळांनी ते उचललं पाहिजे. हा बारकावा चौथीला अवघड जाईल असं वाटलं होतं, पण गेला नाही. (प्रयोगानंतर साबणाने हात धुवून घ्या, हे सांगायला नको.)

बाटल्या तीन आठवडे खिडकीत ठेवल्या. अर्धं कापलेलं गवत चार दिवसांत वाढायला लागलं. बुडापर्यंत कापलेलंही शेवटी फुटलं, कारण हराळी फार चिवट. पण बरंच उशिरा, आणि पिवळं.

बंदी घालावी का?

पालकांनी हमखास विचारलेला प्रश्न. उदाहरणही तयार असतं : अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. कमी पावसाचं, उजाड झालेलं गाव. १९९० च्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना गावाने आदर्श गाव योजनेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, उतारांवर समतल चर खोदले. सामाईक जमिनीवर जनावरं सोडायची नाहीत, ठरलेली नाममात्र रक्कम ग्रामपंचायतीत भरून गवत विळ्याने कापून न्यायचं. गवत वाढलं, विहिरींना पाणी आलं, दूध वाढलं. शेळ्या कमी झाल्या आणि दुभती जनावरं वाढली. हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचंच आहे.

मला इथे दोन गोष्टी मुलांपुढे ठेवाव्याशा वाटतात. एक म्हणजे कापून नेलेल्या गवताबरोबर अन्नद्रव्यंही जातात. वाळलेल्या गवतात नत्र अर्धा टक्का धरलं तर दोन टन गवतात १० किलो, आणि पालाश त्याहून जास्त. जनावर माळावर चरतं तेव्हा खाल्लेल्या नत्रातला मोठा भाग शेण-मूत्रातून परत देतं. गवत भाऱ्याने गोठ्यात गेलं तर ते शेण शेतात जातं, किंवा गोवऱ्या होऊन चुलीत. माती वाचते, पण माळाचा कस हळूहळू शेताकडे सरकतो. मेंढ्या रात्री शेतात बसवतात तेव्हाही हेच होतं. शेतकरी त्यासाठी धान्य किंवा पैसे देतो, कारण त्याला त्या लेंड्यांची किंमत माहीत असते. यात गैर काही नाही, फक्त हिशेबात माळाचं नावही असावं. सगळं कापू नये, शेवटचा हप्ता आणि बी माळावर राहू द्यावं.

दुसरी गोष्ट अशी की बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे दोन एकर बागायत आणि दोन गाई आहेत, तो गवत कापून आणेल. ज्याच्याकडे जमीनच नाही आणि साठ मेंढ्या आहेत, त्याने काय करायचं? मेंढी गोठ्यात बांधून पोसणं परवडत नाही. माझ्या मते सरसकट बंदीपेक्षा तुकडे पाडून आळीपाळीने चराई बरी : पावसाच्या पहिल्या सव्वा महिन्यात सगळं बंद, मग एकेक तुकडा उघडायचा आणि एक तुकडा दरवर्षी बी पडेपर्यंत पूर्ण राखायचा. पण ते राबवायला रोज लक्ष लागतं, आणि बंदी सोपी असते. म्हणून गावं बंदी निवडतात, हेही मला कळतं.

चरांबद्दल एक वाक्य. चर खोदताना निघालेली माती पावसाआधी तशीच उघडी ठेवली तर तीच आधी वाहते. त्या बांधावर मारवेल किंवा स्टायलोचं बी टाकायला हवं. आणि जिथे चांगलं जुनं गवत आहे तिथे ते उकरून चर आणि खड्डे कशाला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

वणवा मात्र नकोच. ‘जाळलं की गवत जोमात येतं’ असं मुलं घरून ऐकून येतात. राखेतलं पालाश आणि चुना कोंबांना मिळतो आणि वाळकं गवत हटल्याने कोंब लगेच दिसतात, म्हणून तसं वाटतं. पण जळताना नत्र धूर होऊन जातं आणि राख पहिल्या सरीबरोबर ओढ्यात. सगळ्यात वाईट म्हणजे मार्चमध्ये जाळलेला उतार जूनच्या पहिल्या मारापर्यंत पूर्ण उघडा राहतो. ठोकलेल्या बाटलीसारखाच.

या वर्षी आम्ही गायरानात एक मीटर बाय एक मीटरचे दोन चौकोन आखलेत. एकाभोवती काट्यांचं कुंपण घातलंय, दुसरा मोकळा. दर पंधरा दिवसांनी मुलं पट्टीने गवताची उंची मोजतात, बुडखे मोजतात आणि चौकोनाच्या खालच्या कडेला पुरलेल्या खिळ्याचं डोकं मातीच्या किती वर आलं ते बघतात. खिळा उघडा पडला म्हणजे तेवढी माती गेली. नोंदवही त्या मुलाकडे आहे. जुलैत कुंपणाचे काटे कुणीतरी सरपणाला नेले आणि पुढच्या नोंदीपर्यंत दोन्ही चौकोन सारखेच चरलेले. त्याने वहीत तारीख घालून लिहिलंय : “आज कुंपण नव्हतं. मेंढरं आमची नव्हती.” आता काटे पुन्हा लावलेत. दिवाळीच्या सुट्टीआधीची नोंद बाकी आहे.